हे खरे आहे काय? : उत्तरे देणाऱ्या सन्माननीय मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मंत्री (खाते कोणतेही),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
(हिवाळ्यात मुक्काम नागपूर)

विषय : बुलढाणा जिल्ह्याच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची प्रचलित पद्धत

महोदय,

विधिमंडळाच्या कामकाजात प्रश्नोत्तरांचा तास हा मंत्र्यांना जाब विचारण्याचा तास मानला जातो. सदस्याने लेखी सूचना द्यायची, विधानमंडळ सचिवालयाने ती नियमांत बसते का ते पाहायचे, अध्यक्षांनी स्वीकारायची, खात्याने जिल्ह्याकडून माहिती मागवायची आणि मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचे, असा त्याचा क्रम आहे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर छापून येते आणि विषय तेथेच मिटतो. पुकारा न झालेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही लेखीच समजली जातात. यादी लांबलचक आणि तास मात्र साठच मिनिटांचा असल्याने बहुतेक तारांकित प्रश्न उपप्रश्नाचे तोंड न पाहताच निकाली निघतात. मंत्र्यांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. लेखी उत्तर कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेले असते. उपप्रश्नाला मात्र स्वतः तोंड द्यावे लागते.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की दुसरा व तिसरा भाग आपोआप ‘प्रश्न उद्भवत नाही’ या सदरात जातो. घटना वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह आलेली असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहितात. कोणता अंश खरा, हे सांगण्याचे बंधन नाही. जिल्ह्याकडून कागद आलेलाच नसेल तर ‘माहिती घेण्यात येत आहे’. कागद आलेला असून अडचणीचा असेल तर ‘चौकशी सुरू आहे’ किंवा ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’. एवढ्या सहा वाक्यांवर कोणतेही खाते पाच वर्षे सुखाने चालते.

असे असताना बुलढाणा जिल्ह्याने मंत्र्यांचे काम आणखी हलके केले आहे. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत : मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. मंत्री झालेला सदस्य सभागृहात प्रश्न विचारत नाही, कारण त्याच्या वाट्याला उत्तरे आलेली असतात. डिसेंबर २०२४ मध्ये खामगावचे आकाश फुंडकर मंत्री झाले आणि विचारणारे सहा उरले. लोकसभेत तर याहून चोख व्यवस्था आहे. जिल्ह्यातील सहा मतदारसंघ बुलढाणा लोकसभेत येतात आणि सातवे मलकापूर रावेर लोकसभेत. जून २०२४ मध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्री झाले. रावेरच्या खासदार रक्षा खडसे युवा कार्य व क्रीडा राज्यमंत्री झाल्या. दोन्ही ठिकाणी गुलाल उधळला गेला, तो योग्यच होता. मात्र त्या दिवसापासून पंचवीस लाखांवर लोकसंख्येच्या या जिल्ह्यातून निवडून गेलेल्यांपैकी लोकसभेत प्रश्न विचारणारा एकही उरला नाही.

प्रश्नाविना पैसा कसा मंजूर होतो, याचा वस्तुपाठ त्याच डिसेंबरात नागपूरने पाहिला. १५ डिसेंबर २०२४ रोजी ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि खातेवाटप झाले ते २१ तारखेला, अधिवेशन संपल्यावर. सबंध आठवडा मंत्री होते, पण खाती नव्हती. ज्याचे खाते ठरलेले नाही त्याला खात्याचा प्रश्न विचारता येत नाही, हे संसदीय तर्काला धरूनच झाले. सुमारे ३३ हजार ७८८ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मात्र याच अधिवेशनात मांडल्या गेल्या आणि मंजूरही झाल्या. १९५३ च्या नागपूर करारानुसार दरवर्षी काही काळ विधिमंडळ नागपुरात भरवले जाते. विदर्भाचे प्रश्न विदर्भाच्या भूमीवर विचारले जावेत, ही त्यामागची अपेक्षा. भूमी उपलब्ध होती, एवढे नमूद करणे भाग आहे.

खात्यांचे वाटप होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांतून वेगळाच प्रश्न आला. आधी डोक्याला खाज सुटायची, मग हात फिरवला की केसांचा पुंजका हातात यायचा आणि दोन-तीन दिवसांत टक्कल पडायचे. यात बायका होत्या, शाळकरी मुले होती. प्रथम पाण्यावर संशय गेला. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. येथील भूजल मुळातच खारट, आणि तपासणीत नायट्रेट व क्षारांचे प्रमाण जास्त आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेऊन गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी करून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्यांच्या अहवालात १८ गावांतील २७९ रुग्णांची नोंद आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्या त्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट असल्याचे त्यांचे म्हणणे होते. एप्रिलमध्ये काही गावकऱ्यांची नखेही गळू लागली.

या प्रश्नाचा प्रशासकीय विचार केला तर त्याची खरी अवघडता कळते. आजार सार्वजनिक आरोग्य खात्याचा. पाणी पाणीपुरवठा खात्याचे. रेशन दुकान अन्न व नागरी पुरवठा खात्याचे. गहू खरेदी करणारे भारतीय अन्न महामंडळ केंद्राच्या अन्न खात्याचे. नमुने तपासणारी संशोधन परिषद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची, ज्या मंत्रालयात जिल्ह्याचेच खासदार राज्यमंत्री आहेत. टक्कल एक, खाती पाच. प्रश्न एका वेळी एकाच खात्याला विचारता येतो, आणि प्रत्येक खाते आपल्यापुरते बरोबर उत्तर देऊ शकते. आरोग्य खात्याने गव्हाविषयी बोलू नये, अन्न खात्याने केसांविषयी बोलू नये आणि राज्याने केंद्राविषयी बोलू नये, हा शिष्टाचार पाळला की पाच खरी उत्तरे मिळूनही गावाला एकही उत्तर मिळत नाही.

अन्नाच्या दर्जाविषयी शासन झटपट निर्णय घेऊ शकत नाही, असा गैरसमज मात्र यातून होऊ नये. ८ जुलै २०२५ रोजी, मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू असताना, आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळ शिळी निघाली, म्हणून बुलढाण्याच्या आमदारांनी तेथील कर्मचाऱ्याला मारहाण केली. चित्रफीत राज्यभर फिरली. दुसऱ्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाने नमुने घेतले आणि परवाना निलंबित केला. प्रश्न मांडण्याची ही पद्धत कोणत्याही नियमावलीत नाही आणि नसावी. तरीही एका वाटीभर डाळीला चोवीस तासांत मिळालेला न्याय पाहता, शेगावच्या गव्हाची चूक एवढीच दिसते की तो आमदार निवासात वाढला गेला नाही.

खर्चाच्या प्रश्नांत जिल्ह्याचा मानबिंदू म्हणजे नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प. १९९० च्या दशकात त्याची मूळ किंमत ३९४ कोटी ८३ लाख रुपये होती. २००९ पर्यंत ती ४,०४४ कोटींवर गेली आणि पुढे तेरा हजार कोटींच्या पलीकडे. चाळीसहून अधिक गावे पूर्णतः किंवा अंशतः बुडीत क्षेत्रात येतात. तेथील एक पिढी ‘आपले गाव उठणार’ हे ऐकत म्हातारी झाली. गाव उठणारच म्हणून जुन्या घरावर खर्च करवत नाही, आणि मोबदला व पुनर्वसन पूर्ण झाल्याखेरीज नवे बांधवत नाही. प्रकल्पाच्या कामांवरून नागपूर खंडपीठात जनहित याचिकाही झाली. त्यामुळे ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’, ‘भूसंपादन प्रगतिपथावर’ आणि ‘न्यायप्रविष्ट’ या तिन्ही उत्तरांना येथे भक्कम आधार आहे. त्यातच ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने मोताळा तालुक्यातील नळगंगेपर्यंत आणायचे, अंदाजित खर्च ८७ हजार ३४२ कोटी. जिगावचा अनुभव पाहता, या आकड्याकडे किंमत म्हणून न पाहता पहिला हप्ता म्हणून पाहणे अधिक व्यवहार्य ठरेल.

खर्चावर अंकुश ठेवण्याची हत्यारे सदस्यांकडे आहेत, हेही नोंदवले पाहिजे. खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते : धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची, एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्यासाठी शंभर रुपये कमी करण्याची. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. त्याला गिलोटिन म्हणतात. लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे. कॅगचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात, पण ते खर्च होऊन गेल्यावर. म्हणजे विचारण्याची सोय पुरेपूर आहे. उत्तरात काय असावे, याबद्दल मात्र नियम मौन पाळतात.

क्वचित एखादा प्रश्न उद्भवतोही. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांविषयी लोकसभेत प्रश्न विचारला गेला, फिरोज गांधींनी तो लावून धरला, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. उलट बाजूचे उदाहरण बुलढाण्याच्या शेजारचे आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून काढलेल्या ११ सदस्यांत जळगाव आणि एरंडोल या मतदारसंघांचे खासदार होते. प्रश्नाला बाजारात भाव असतो, हे त्यावरून सिद्ध झाले. उत्तराला तसा भाव आल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’, ‘तपासू’, ‘निर्णय घेऊ’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते. आश्वासनांची नोंद होते आणि त्यांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. संसदेत ही पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते. सुरुवातीला दिलेल्या सहाही वाक्यांचा खरा उपयोग येथे कळतो. ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांत कोणतेही आश्वासन नसते, त्यामुळे समितीला विचारायला काही उरत नाही. उत्तर जितके कोरडे, तितके मंत्री निर्धास्त.

तरी पुढील अधिवेशनात बुलढाणा जिल्ह्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात, ही विनंती : काम पूर्ण होण्याची तारीख, त्यासाठी मंजूर झालेली रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. शेगावच्या गव्हाबाबत पाच खात्यांनी मिळून एकच उत्तर द्यावे. जिगावबाबत शेवटचे गाव कोणत्या तारखेला उठणार, ते सांगावे. उरलेल्या सहा आमदारांनी छापील उत्तरावर समाधान न मानता उपप्रश्न विचारावेत. आणि मतदारांनी पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला, किती प्रश्न विचारले एवढ्यावर न थांबता, किती उत्तरे मिळवली, ते विचारावे.

आपला विश्वासू,
एक शिधापत्रिकाधारक मतदार, जिल्हा बुलढाणा

प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी :
आश्वासन समिती, विधान भवन, मुंबई