मतमाउलीची यात्रा: आत्यासोबत जाणाऱ्यांसाठी नियमावली

प्रस्तावना. यात्रा ही आत्मशोधासाठी करायची असते, असं हल्ली बरेच जण सांगतात. पुण्यातला माझा एक चुलतभाऊ स्पेनमध्ये सँतियागोला पायी जाणार आहे. तिथे किमान १०० किलोमीटर चाललं की प्रमाणपत्र देतात. त्याला म्हणे स्वतःला भेटायचं आहे. जरूर भेटावं. प्रस्तुत नियमावली मात्र वसईहून बांद्र्याला, सप्टेंबरात, लोकलने आणि आत्याबरोबर जाणाऱ्यांसाठी आहे. या मार्गावर स्वतः सोडून बाकी सगळे भेटतात.

नियम पहिला: दिवस. पवित्र मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला. निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला, म्हणजे मधे बरोबर नऊ महिने. हा हिशोब आत्या दरवर्षी बोटांवर करून दाखवते आणि तो दरवर्षी जुळतो याचं तिला कौतुक वाटतं. जन्मदिवसानंतरच्या रविवारी बांद्र्याच्या मतमाउलीची, म्हणजे माऊंट मेरीची, जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. शहाण्या माणसाने मधल्या वारी, सकाळी लवकर जावं. आत्या रविवारीच नेते. गर्दी नसेल तर जत्रा कसली, असं तिचं म्हणणं.

नियम दुसरा: वही. यात्रेचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

निघायच्या आधीचा आठवडा आत्याच्या ओट्यावर लोकांची ये-जा सुरू असते. ती जुनी शाळेची वही उघडते आणि लिहून घेते: कुणाचं, कशासाठी, मेणाचं काय, पैसे दिले की नाहीत. बांद्र्याच्या टेकडीवर मेणाचं सगळं मिळतं. हात, पाय, डोळे, बाळ, घर. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, त्याचा आकार माउलीला वाहायचा, अशी ही साधी व्यवस्था. अडचण तपशिलात येते. मागे एकीचा डावा पाय होता. आत्याने स्टॉलवर विचारलं, "हा उजवा की डावा?" विकणाऱ्याने पाय उलटा करून तिच्या हातात ठेवला. "घ्या, डावा." तिने घेतला, पण दोन रुपये कमी करून. रखडलेल्या रिडेव्हलपमेंटसाठी मेणाचं घर घेतलं, तर ते निघालं बसकं, कौलारू. टॉवर नाही का, याची तिने पुढच्या सगळ्या स्टॉलवर चौकशी केली. हृदयाचं त्याहून कठीण. बायपास आणि जमत नसलेलं लग्न, दोन्हींना एकच साचा. अशा वेळी संदर्भ माउलीला तोंडी सांगावा.

वहीतली निम्मी नावं आपल्या पारिशमधली नसतात. समोरच्या काकू गौरी-गणपतीच्या गडबडीतून वेळ काढून येतात आणि पदराच्या गाठीतली नोट सोडून देतात. तीनशे वर्षांपूर्वीचं पाहिलं तर गंमत वाटते. १७३८ साली मराठ्यांच्या स्वारीत या टेकडीवरचं जुनं चॅपल उद्ध्वस्त झालं, १७६० च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं, आणि आज दिसते ती इमारत १९०४ ची. आत्याचा या बाबतीत स्वतंत्र अभ्यास आहे. त्याच मराठ्यांच्या पणतवंडांचे नवस आज आपण पिशवीतून वाहतो, म्हणजे माउलीने बरोबर सूड उगवला, असं ती म्हणते. हे ती काकूंसमोरही म्हणते. काकू हसतात आणि सुनेसाठी मेणाचं बाळही लिहून ठेवायला सांगतात.

नियम तिसरा: अनवाणी चालायचा नवस असेल तर तो बांद्रा स्टेशनपासून लागू होतो, वसईपासून नव्हे.

नियम चौथा: सामान. छत्री घडीची घ्यावी. लांब छत्रीच्या टोकाने मेणाचे अवयव जायबंदी होतात. मेणाच्या वस्तू स्टेशनजवळ घेऊ नयेत. जत्रेसाठी बेस्ट जादा बस सोडते, पण त्यांत उभं राहायलाच जागा नसते, तिथे मेणाचा हात धड राहील कुठून? खरेदी वर, चर्चजवळ करावी आणि प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळावी. मुलाच्या उंचीएवढी मेणबत्ती कबूल केली असेल तर माप निघायच्या दिवशी घ्यावं. जूनमध्ये घेतलेलं माप सप्टेंबरात आखूड पडतं आणि मग उरलेल्या दोन बोटांसाठी आत्या वेगळी मेणबत्ती लावते.

नियम पाचवा: रांगेत कोळीणबाईंशी वाद घालू नये. मूर्ती समुद्रात आपल्याच माणसाच्या जाळ्याला लागली, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. त्या पुढे जाणारच.

नियम सहावा: प्रत्यक्ष भेट. आल्तारासमोर आपल्याला दोन-तीन श्वासांएवढा वेळ मिळतो. तेवढ्यात स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" सुरू करतात. अनुभवी माणसं म्हणून रांगेतच सगळं सांगून टाकतात आणि समोर आल्यावर फक्त बघतात. हे मला खरंच पटलेलं आहे. आत्याची पद्धत वेगळी. ती समोर पोचल्यावर चष्मा शोधते, वही उघडते आणि पहिल्या नावापासून वाचायला लागते. मागे अख्खं वांद्रे तुंबलेलं असतं. स्वयंसेवकही तिच्या तोंडाला लागत नाहीत.

स्वतःचं मागणं शेवटी सांगावं, असा संकेत आहे. मी पाळतो, आणि माझी पाळी येईतो ढकलला जाऊन दारापाशी पोचलेलो असतो. मग तिथूनच मान वळवून, "तुला माहीतच आहे," एवढं म्हणतो. काय माहीत आहे, ते माझं मलाही नीट सांगता येत नाही.

आतोबा गेले त्या वर्षी वहीत त्यांच्या नावापुढे मेणाचं हृदय लिहिलेलं होतं. ऑपरेशनच्या वेळचं. नाव खोडायला मी पेन काढलं, तर आत्याने वही ओढून घेतली. स्टॉलवर तिने हृदय घेतलं, घासाघीस केली नाही, नेऊन वाहिलं. बाहेर आल्यावर मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "कबूल केलं होतं." आणि मग बसचे सुटे पैसे माझ्याकडे आहेत का, ते विचारलं.

नियम सातवा: मिस्सा. जत्रेच्या आठवड्यात मराठी, कोकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत मिस्सा होतात. मराठीच्या वेळेला जावं, नाहीतर प्रवचन कळत नाही म्हणून आत्या शेजारणीशी बोलत बसते. मराठीतही बसते, पण मग निदान प्रवचनाबद्दल बोलते.

नियम आठवा: प्रसाद. खाजं घ्यावं, ज्याला जत्रेत कडियोबोर म्हणतात. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आल्याचा गूळ. तो कोरडा आणि पांढरट झालेला असला तर घ्यावा, चिकट असेल तर पावसाळी हवेत वसई येईपर्यंत सगळ्याचा एक गोळा होतो. पिशवीच्या तोंडाशी फक्त चांगल्या कांड्या रचलेल्या असतात, म्हणून तळातला नमुना मागावा. फुगे, शिट्ट्या आणि प्लॅस्टिकची बंदूक यांना यात्रेत स्थान नाही. ती आत्याच घेते.

नियम नववा: परत आल्यावर. वहीतल्या प्रत्येकाकडे खाजं पोचवण्याचं काम तरुण माणसाचं, म्हणजे चाळिशी उलटली तरी माझंच. प्रत्येक दारात तोच प्रश्न येतो, "माझं सांगितलंस ना?" उत्तर एकच: "सांगितलं." सविस्तर विचारलं तर आत्याकडे पाठवावं. ती आंघोळीला गेली आहे असं सांगून वेळ मारून नेऊ नये. ती पहाटे पाचला आंघोळ करते हे सगळ्या वाडीला माहीत आहे.