कलमभाऊ

कलमभाऊंना एखाद्या कायद्याबद्दल विचारलं आणि ते ‘माहीत नाही’ म्हणाले, असं पुसदमध्ये अजून घडलेलं नाही. तहसीलच्या बाहेर टिनाच्या शेडखाली टेबल टाकून त्यांनी उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवला. वारसनोंद, रेशनकार्ड, धुऱ्याचं भांडण, हरवलेला सातबारा. त्यांचं खरं नाव टेबलामागच्या पाटीवर आहे. ते वाचायची गरज कोणाला पडत नाही. आता सेतू केंद्रं आली, टायपिंगवाली पोरं आली, अर्जांचा धंदा बसला. डोक्यातली कलमं मात्र जागच्या जागी शिल्लक. ती कुठेतरी खर्ची पडायला हवीत, म्हणून भाऊ संध्याकाळी पानठेल्यावर येतात.

अशी वल्ली दिग्रसला सापडेल, उमरखेडला सापडेल. पण पुसदच्या नमुन्याचा तोरा निराळा. गहुलीच्या वसंतराव नाईकांनी १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्य चालवलं, सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. तेव्हा कायदा म्हणजे आपल्या घरचं पीक, असा इथल्या माणसाचा एकूण सूर असतो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली त्या वेळी अन्न व औषध प्रशासनाचे मंत्री मनोहरराव नाईक होते, म्हणजे पुन्हा पुसदच. ही गोष्ट भाऊ अभिमानाने सांगतात. सांगताना तोंडात खर्रा असतो, त्यामुळे ‘औषध’ हा शब्द नीट ऐकू येत नाही.

खर्ऱ्याबाबत भाऊ फार काटेकोर. ठेलेवाला पन्नीवर सुपारीची कतरण घेतो, तंबाखू टाकतो, बोटाने चुना लावतो, पन्नीची घडी घालून फळीवर तळहाताने घासत राहतो. ओलसर तपकिरी लगदा झाला की पन्नीला गाठ. हे सगळं भाऊ डोळ्यांत तेल घालून पाहतात आणि मग म्हणतात, “या एका पुडीवर दोन कायदे लागू होतात. आतल्या मालाले अन्नसुरक्षेचा, वरच्या पन्नीले २०१८ च्या प्लास्टिकबंदीचा. घोट अजून थोडा.”

तर नोव्हेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक. पुसदची जागा बहुतेक वेळा नाईकांच्याच घरात राहिलेली; २०१९ ला तर नाईक विरुद्ध नाईक अशी लढत झाली होती. या वेळीही कोण निवडून येणार यावर ठेल्यावर पैज लावायला कोणी तयार नव्हतं. लाडक्या बहिणीला एक बाजू २१०० म्हणत होती, दुसरी ३०००. सोयाबीनला एक बाजू ६ हजार म्हणत होती, दुसरी ७ हजार. हमीभाव ४८९२, बाजारात त्याच्याही खाली. यात वाद घालायला जागा कुठे होती? सगळ्यांचं एकमत होतं की यातलं काही मिळणार नाही. एकमत झालं की पानठेल्याचा जीव गुदमरतो.

तेवढ्यात इंजिनिअरिंग कॉलेजचा एक पोरगा मोबाइलवर बातमी घेऊन आला. ५ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ट्रम्पच्या निवडणुकीबरोबरच आणखी एका प्रश्नावर मतदान झालं होतं. मोठ्या माणसांना गांजा मोकळा करायचा की नाही? सुमारे ५६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. खुद्द ट्रम्पही त्या बाजूने. तरी ठराव पडला, कारण तिथे ६० टक्के लागतात.

“छप्पन टक्के घेऊन पडला?” ठेलेवाल्याचा हात पन्नीवरच थांबला. “आपल्याकडं पस्तीस टक्क्यांत आमदार होते ना भाऊ!”

भाऊंनी पिंक टाकली. आठवडाभराचा विषय ठरला.

आधी त्यांनी १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा उलगडला. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, शेंडा. नुसतं पान आणि नुसतं बी त्या व्याख्येत येत नाही. “म्हणजे एकाच झाडाचा शेंडा आरोपी अन् पान निर्दोष,” भाऊ म्हणाले. पोरगा खूश झाला, तशी त्याला भांग आठवली. भाऊंनी त्याला तिथेच अडवलं. पान सुटलं ते केंद्राच्या कायद्यातून. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा बसलेला आहे, तो पानालाही धरतो. मग वजनाचा हिशेब. किलोपर्यंत अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, दहा ते वीस वर्षं. झाडं लावली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. हे आकडे भाऊ अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शिक्षा तेच देणार आहेत आणि आज जरा कमी करायच्या मनःस्थितीत आहेत.

त्यांची स्वतःची बाजू कोणती, हे कोणालाही कळलं नाही. भाऊ ‘तत्त्वतः’ सगळ्याच्या बाजूचे आणि ‘सद्यःस्थितीत’ सगळ्याच्या विरुद्ध. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये आयोग नेमून मध्य प्रांत-वऱ्हाडासकट देशभर साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल केला, बेताने घेतला तर फार नुकसान नाही असं लिहिलं. खंडव्याकडे तेव्हा सरकारी देखरेखीखाली गांजाची शेतीच होती. हे सांगून झालं की भाऊ लगेच म्हणणार, “पण राजेहो, इंग्रजाले काय, त्याले महसूल पायजे होता.” नीमच-मंदसौरला आजही सरकार अफूचा पट्टा देतं आणि माल मोजून घेतं, तसं इथे करावं की नाही? “करावं. पण होणार नाही. आणि झालं तर करू नये.” भाऊंशी वाद घालणाऱ्याला दोन्ही बाजू हरल्यासारखं वाटतं.

मला मात्र या चर्चेतला दुसरा भाग जास्त आवडला. फ्लोरिडात लोक स्वातंत्र्यावर भांडले असतील, आरोग्यावर भांडले असतील. पुसदच्या ठेल्यावर गांजा ओढण्याचा प्रश्न पाच मिनिटांत संपला. उरलेला आठवडा तो एक पीक होता. एकरी उतारा किती, पाणी किती, रानडुक्कर खातं का? रानडुक्कर खात नसेल तर अर्धं माळपठार आजच तयार आहे, असं एकाने जाहीर केलं. कोणी चोर बीटीचा दाखला दिला. तणनाशकाला दाद न देणारं ते कपाशीचं बियाणं बेकायदाच. शेतकरी संघटनेने २०१९ मध्ये अकोल्याकडच्या अकोली जहांगीरला उघड पेरून दाखवलं, आणि पोलिसांच्या नाकासमोर आज जिल्हाभर उभं आहे. “मंग चोर गांजा काहून नाही?”

याला उत्तर भाऊंच्या कलमात नव्हतं. ते दिलं माळपठारावरून सोयाबीन घेऊन आलेल्या एका बुढ्याने. त्याचा माल ओलाव्यापायी हमीभाव केंद्रावरून परत आला होता. बारा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता. मतदान पाच दिवसांवर आलं तेव्हा केंद्र सरकारने पंधरा टक्क्यांपर्यंत चालेल असं कळवलं, आणि तोवर बुढ्याचा माल व्यापाऱ्याकडे गेला होता.

“गांजाले आज भाव काहून हाय?” बुढा म्हणाला. “सरकार त्याले हात लावत नाही म्हणून. उद्या कायदेशीर करा. आधी ऑनलाइन नोंदणी. मंग सातबाऱ्यावर पीकपेरा. मंग केंद्रावर गाड्यायची लाइन. तो मशीन लावन अन् म्हणन, ओलावा जास्त हाय, वाळवून आण. वाळवून आणला त बारदाना नाही. बारदाना आला त खरेदी बंद. मंग येईन व्यापारी. गांज्याची सोयाबीन व्हाले दोन वर्षं लागत नाही, बाप्पा.”

१९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आणि तिचे रखडलेले चुकारे ज्यांनी भोगले ती दोन-तीन म्हातारी मंडळी मान डोलवत राहिली. गांजा मोकळा करण्याविरुद्ध इतका बिनतोड युक्तिवाद मी अजून कुठे ऐकलेला नाही. डॉक्टर आणि पोलीस उगाच आकडेवारी मांडत बसतात.

१८ तारखेला संध्याकाळी सहाला प्रचार थांबला आणि दारूची दुकानंही बंद झाली. कोरडे दिवस. ठेल्यावर गर्दी वाढली, आवाज खाली आले, कोणाकडे किती जादा पैसे देऊन मिळते याची कुजबुज सुरू झाली. शेजारच्या चंद्रपूरची आठवण निघाली : २०१५ मध्ये बंदी, २०२१ मध्ये बंदी उठली, आणि २०२४ च्या लोकसभेला तिथल्या एका उमेदवार ताईंनी गाव तिथे बिअर बार देण्याचं वचन दिलं. भाऊंना वाटलं, आता आपली वेळ. ते घसा खाकरून बोलणार तोच बचत गटाच्या एक ताई ठेल्याजवळ येऊन थांबल्या.

“भाऊ, तुमचं गांज्याचं झालं असन त आमच्या गावच्या दुकानाचा अर्ज लिहून द्या.”

आपल्याकडेही नशेवर मतदान होतं, हे त्या आठवड्यात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. उभी बाटली, आडवी बाटली. चौथाई मतदारांनी मागणी करायची, मग मतदान, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. भाऊंनी नियम सांगायला तोंड उघडलं. ताईंना तो पाठ होता.

“एकूण यादीच्या निम्म्याहून. आलेल्याइच्या नाही. जे बाई सोयाबीन सोंगाले परगावी गेली, जे मेली पण यादीत हाय, ते सगळी उभ्या बाटलीच्या खात्यात. फ्लोरिडावाल्याइले म्हणा, साठ टक्क्यांत रडू नका.”

भाऊंनी खर्रा थुंकला. ही घटना मी नोंदवून ठेवतो, कारण पुडी अर्धी शिल्लक होती. त्यांनी पिशवीतून लेजर पेपर काढला, मांडीवर फाइल ठेवली आणि ठेल्याच्या उजेडात अर्ज लिहिला. पैसे घेतले नाहीत. पैसे न घेतल्याचं मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगितलं.

मतदान झालं. भाऊ दिवसभर केंद्रापासून शंभर मीटरच्या पांढऱ्या रेघेवर उभे राहून रेघ कुठून मोजायची हे पोलिंग एजंटांना समजावत होते. कोणाला मत दिलं असं विचारल्यावर त्यांनी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ सांगितलं. २३ तारखेला निकाल लागला. पुसदला इंद्रनील नाईक निवडून आले.

त्यानंतरच्या आठवड्यात तो बुढा टेबलावर आला. सोलापूरकडच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तसाच अर्ज पाहिजे. युक्तिवादाचं काय झालं, असं मी विचारलं. “परवानगी देतच नाहीत ना,” बुढा म्हणाला, “म्हणूनच त मागतो.”

भाऊ खुलले. मायना, विषय, संदर्भ, ‘महोदय’. कोणत्याही पिकाला भाव नाही, लागवडीचा खर्च निघत नाही, सबब दोन एकरांत गांजा लावण्यास परवानगी मिळावी, अन्यथा होणाऱ्या परिणामास शासन जबाबदार राहील. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीटही चिकटवलं. मग भाऊंनी पेन पुढे केला. बुढ्याने पेनाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं.

“सही तुमी करा ना.”

“अर्जदार तू आहेस.”

“दहा वर्षं सक्तमजुरी म्हणले होते ना तुमी?”

“लावलास त. मागितलास त काही नाही.”

“लेखी देता?”

भाऊंनी लेखी दिलं नाही. पण तिकीट चिकटलेलं होतं आणि भाऊंना वाया घालवणं जमत नाही. त्यांनी पट्टी लावून विषयातला आणि मजकुरातला ‘गांजा’ खोडला, वर ‘सोयाबीन’ लिहिलं आणि दोन्ही ठिकाणी खाडाखोडीची सही घेतली. बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही. आवक-जावकच्या बाईंनी न वाचताच शिक्का मारून पोच दिली.