गच्चीवर अमेरिका

धुळ्याच्या देवपुरातल्या एका गच्चीवर यंदा अमेरिका उतरवण्यात आली. गच्ची आमच्या जिभाऊंची, अमेरिका त्यांच्या मुलाची. मुलाने न्यू जर्सीत घर घेतलं. घरामागे लाकडी डेक, डेकवर शेगडी, शेगडीमागे हसरी सून असा फोटो घरच्या ग्रुपवर पडला आणि जिभाऊंची झोप उडाली. वास्तविक त्यांच्या गच्चीवर काय कमी होतं? पाण्याच्या दोन काळ्या टाक्या, सोलरचा बंब, डिशची गंजकी छत्री आणि उन्हाळ्यात रात्री ओळीने पडणाऱ्या गाद्या. पण यातलं एकही न्यू जर्सीला पाठवण्यासारखं नव्हतं. जिभाऊंनी जाहीर केलं, "आपण डेक करतोय. कंपोझिट."

कंपोझिट म्हणजे काय, हे गल्लीला समजावून सांगण्यात दोन संध्याकाळी गेल्या. जिभाऊंच्या माय नव्वदीच्या. त्यांनी नमुन्याची फळी हातात घेऊन नखाने खरवडली आणि विचारलं, "हाई लाकूड शे का प्लास्टिक?" इतका नेमका प्रश्न पुढे कोणत्याही दुकानात कुणी विचारला नाही. उत्तर असं की दोन्ही. निम्म्याच्या आसपास लाकडाचा भुसा, बाकी पॉलिथिन, थोडा रंग आणि दोघांना धरून ठेवणारं रसायन. अमेरिकेत १९९६ साली उभी राहिलेली ट्रेक्स ही या धंद्यातली थोरली कंपनी जुन्या प्लास्टिक पिशव्या आणि भुसा यांच्याच फळ्या काढते. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून पातळ कॅरीबॅग हातात दिसली तर पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे. तीच पिशवी सातासमुद्रापलीकडे वितळून, फळी होऊन आली की आपण तिला ३०० रुपये स्क्वेअर फुटाने गच्चीवर अंथरतो आणि वर पाहुण्यांना दाखवतो.

आता बजेट. गच्चीचा मोकळा भाग पंधरा बाय वीस, म्हणजे ३०० फूट. फळी ३०० रुपये फूट. जिभाऊंनी मोबाइलवर गुणाकार केला, ९०,००० आले, आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला. धुळ्यात बजेट म्हणजे एवढंच : पहिला गुणाकार. लग्नाचं बजेट ताटांच्या संख्येवर संपतं, बोअरचं बजेट फुटांवर, आणि दोन्हींत पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असूनही पुढच्या वेळी कुणी दुसरा गुणाकार करत नाही.

दुसरा गुणाकार दुकानदाराने केला. फळी कापताना वाया जाणारा माल धरून दहा टक्के जास्त, ९,००० रुपये. खालचा लोखंडी सांगाडा १२० रुपये फुटाने ३६,०००. स्टीलच्या क्लिपा आणि स्क्रू साडेसात हजार. बसवण्याची मजुरी २१,०००. कडेच्या पट्ट्या पाच हजार. सुरतेहून टेम्पो साडेसहा हजार. आणि सगळ्यांच्या आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, २४,०००. बेरीज दोन लाखांना एक हजार कमी. जीएसटी वेगळा.

कागद पाहून जिभाऊंनी पेन काढलं. माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर कोटेशनवर तो कुठे काट मारतो ते पाहावं. फळीला हात लावला नाही, फळी फोटोत दिसते. वॉटरप्रूफिंगवर पहिली काट : "गळत नाही आपली गच्ची. बिल्डर म्हणाला होता." सांगाडा एक-एक फुटावर होता तो दोन-दोन फुटांवर नेला, लोखंड निम्मं. क्लिपा रद्द, साधे स्क्रू चालतील. मजुरीवर अर्थातच काट. म्हणजे जे दिसतं ते सगळं ठेवलं आणि ज्यावर ते उभं राहतं ते सगळं कापलं. आपल्या शहराच्या रस्त्यांचं टेंडर कुणी असंच पाहत असेल का, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण मी तो विचारला नाही, कारण चहा यायचा होता.

इथे न्यू जर्सी आणि देवपूर यांतला एक फरक नोंदवून ठेवतो. तिकडचा डेक खांबांवर, परसातल्या मातीच्या वर उभा असतो. पाऊस पडला की फटींतून पाणी खाली जातं आणि जमिनीत जिरतं. आपला डेक स्लॅबवर बसतो, आणि स्लॅबखाली माणसं झोपतात. सांगाडा पक्का करायला स्लॅबमध्ये एक-एक भोक पाडलं, की वॉटरप्रूफिंगच्या थराला एक-एक तोंड फुटतं. स्लॅबला शंभर फुटाला एक फूट असा उतार असावा लागतो, आणि सांगाड्याच्या पट्ट्या त्या उताराला आडव्या टाकल्या तर पाणी तिथेच अडतं. आमच्या पांझरा नदीच्या काठच्या गावांनी फड पद्धतीने, नुसत्या उताराच्या भरवशावर, शेकडो वर्षं बंधाऱ्यांचं पाणी शेताशेतांत फिरवलं. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले तेव्हा याच नदीच्या पाण्यावर सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. अशा मुलखात गच्चीवरचं पाणी कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत न्यायला आपल्याला माणूस मिळत नाही.

माणूस शोधायचा हाच खरा भाग. आयटीआयमध्ये वेल्डर घडतो, फिटर घडतो, इलेक्ट्रिशियन घडतो. डेकवाला कुठेच घडत नाही. तो ज्याच्या त्याच्या धंद्यातून उगवतो. पहिले आले ते ग्रिल आणि पत्र्याचे शेड करणारे. त्यांना विचारलं, पाणी कुठून जाईल? म्हणाले, "खालून." खालून कुठे? "खालीच ना साहेब." उत्तर खोटं नव्हतं, हे जूनमध्ये कळलं. दुसरे पीओपी सिलिंगवाले. त्यांचा आत्मविश्वास अफाट. "आम्ही वर लावतो तेच खाली लावायचं, त्यात काय." तिसऱ्याने मोबाइलवर एका रिसॉर्टचे फोटो दाखवले. काम कुठलं ते सांगेना, मालकाचा नंबर देईना. फोटोत समुद्र होता.

चौथा सुरतेत काही वर्षं हेच काम करून परत आलेला तरुण. तो गच्चीवर आला आणि त्याने आधी रबरी नळीत पाणी भरून लेव्हल घेतली. जाळीचं झाकण उचलून आत बॅटरी मारली. "भर दुपारी इथे किती वेळ ऊन असतं?" "खालच्या खोलीत ओल कधी आली होती?" "स्लॅबला भोक न पाडता, खाली रबराचे तुकडे ठेवून सांगाडा बसवला तर चालेल?" "टाकी धुतल्यावर पाणी कुठे सोडता?" मग त्याने सांगितलं की आधी वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून चाचणी, मग डेक; सांगाडा फुटावरच; फळ्यांच्या टोकाला आणि कठड्याजवळ फट सोडावी लागेल; आणि रेट कमी होणार नाही. जिभाऊंनी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला. "फार प्रश्न विचारतो," मला म्हणाले, "येत नसेल त्याला काम."

काम मिळालं ते जिभाऊंच्या साडूच्या गावच्या एकाला. खानदेशात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

फळी निवडताना मात्र आम्ही काटेकोर होतो. मी कुठेतरी वाचून ठेवलं होतं की अमेरिकेत या फळ्यांना एएसटीएम डी ७०३२ नावाचं मानक लागतं. दुकानात ऐटीत विचारलं, डी ७०३२ आहे का? दुकानदाराने मागे वळून आवाज दिला, मग म्हणाला, "सर, तो कलर संपला. वॉलनट आहे." वॉलनट म्हणजे गडद तपकिरी, फोटोत झकास. गडद फळी उन्हात फिक्या फळीपेक्षा जास्त तापते. वैशाखात धुळ्याचा पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा अशी फळी साठ-सत्तर अंशांपर्यंत पोचू शकते, हे कॅटलॉगच्या कोणत्याही पानावर नव्हतं. वरून प्लास्टिकचं आवरण असलेली फळी डाग आणि रंग उडणं सोसते, बिनआवरणाची स्वस्त पडते आणि पहिल्याच उन्हाळ्यात पांढुरकी होते. भरीव फळी पोकळीपेक्षा दणकट. आम्ही बिनआवरणाची, पोकळ, गडद घेतली, कारण तिच्यावर "पंचवीस वर्षं वॉरंटी" असं सोनेरी अक्षरात होतं. वॉरंटीच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, चुकीच्या बसवणीला ती लागू नाही असं होतं. मागची बाजू वाचायला जिभाऊंचा चष्मा घरी राहिला होता.

"आणि मेंटेनन्स?" मी विचारलं. "शून्य," दुकानदार म्हणाला. "आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायचं, बस." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं, आणि ते आलं की माणसं आधी भांडी भरतात.

बसवणी जानेवारीत झाली. धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण पहाटे पारा सहा-सातवर येतो आणि माणूस शेकोटी सोडत नाही. त्या गारठ्यात फळ्या आकसलेल्या होत्या. कारागिराने टोकाला जरा फट ठेवली तर जिभाऊ खेकसले, "फट? मी पैसे फळीचे दिले, फटीचे नाही!" त्याने मुकाट्याने फळीला फळी भिडवली आणि दोन्ही टोकं कठड्याला टेकवली. काम असं चोख दिसत होतं की गल्लीतले चौघे आपल्या गच्च्यांची मापं घेऊन गेले.

तीन मीटरची कंपोझिट फळी पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत पाच-सात मिलिमीटर वाढते. एका ओळीत अशा दोन फळ्या, म्हणजे सेंटिमीटरभर जास्तीची लांबी. तिला जायला जागा नसेल तर ती वर उठते.

उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठेवलं होतं. लेकी माहेरी आल्या होत्या, घरात पुरणाचे मांडे होत होते, न्यू जर्सी व्हिडिओ कॉलवर होती. आम्ही दुपारी वर गेलो तर डेकने मधोमध छाती काढलेली. स्क्रू तुटून बाजूला पडलेले. पहिल्या जावईबापूंनी रीतीप्रमाणे चपला काढून पाय ठेवला आणि तसाच उचलला. सांगाडा दोन फुटांवर असल्यामुळे फळ्या पावलागणिक दबत आणि उसळत होत्या. आखाजीला माहेरवाशिणींनी झोका खेळायची रीत आहे. यंदा वेगळा दोर बांधावा लागला नाही. जिभाऊंनी मोबाइल आभाळाकडे वळवला आणि मुलाला सांगितलं, "नेटवर्क नाही."

एक माणूस मात्र खूश होतं. "मी बिबडा कोठे वाळाले टाकू?" म्हणून डेकच्या विरोधात महिनाभर बसलेल्या मायनी, आता कुणी वर फिरकत नाही असं पाहून, त्यावर जुनी लुगडी अंथरली आणि ज्वारीचे बिबडे घातले. पूर्वी दोन दिवस लागत, ते संध्याकाळी कडकडीत. इतका महागडा दुसरा ओटा उभ्या खानदेशात नसावा.

जूनमध्ये पाऊस आला. आपल्याकडे वर्षाला पडून पडतो किती? पाच-सहाशे मिलिमीटर. तेवढ्यात झालं. सांगाड्यासाठी स्लॅबमध्ये पाडलेल्या भोकांतून पाणी बरोबर जिभाऊंच्या पलंगावर उतरलं, "खालूनच" गेलं. कारागीर फोन उचलत नाही. साडू उचलतो, पण तो विषय वास्तुशांतीच्या आहेराकडे नेतो. दुकानदार म्हणतो फळी उत्तम आहे, आणि ते खरंच आहे. आता गळती शोधायला डेक उचलायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, पुन्हा डेक बसवायचा. ते काम सुरतेहून आलेल्या त्या पोराने घेतलंय. रेट त्याने वाढवला नाही, प्रश्नही कमी केले नाहीत.

गल्लीतले ते चौघे अजून ऑर्डर देण्याच्या बेतात आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी लिहितो. डेक जरूर करा. धुळ्याची संध्याकाळ गच्चीवरच काढायची असते. फिकट रंग घ्या, अर्ध्या भागावर सावली करा, भरीव फळी परवडत नसेल तर डेक लहान करा पण सांगाडा विरळ करू नका. बसवणाऱ्याने आधी केलेली, निदान एक पावसाळा पाहिलेली गच्ची स्वतः जाऊन बघा, आणि त्या घरात गच्चीवर जायच्या आधी खालच्या खोलीचं छत बघा. पैशांचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्या, हे कागदावर लिहून घ्या. आणि फळीची ऑर्डर देण्याआधी जाळी बंद करून गच्चीत दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा. त्याला टँकर मागवावा लागेल. त्याचे पैसे बजेटात धरा.