टॉवेलच्या दांडीचा भरवसा

‘जपून जा हं, लादी ओली आहे,’ असं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज बजावणं बंद करा. लादी ओली आहे हे त्यांनाही दिसतं. तोल गेला की हाताला काय लागतं, प्रश्न तो आहे. आपल्याकडे लागते टॉवेलची दांडी. दोनचार बारीक स्क्रूंवर टेकलेली ती दांडी टॉवेल वाळवायला असते; साठ किलोंचा भार पडला की उपटून माणसासकट खाली येते.

आधाराचा दांडा वेगळा. तो कमोडच्या शेजारी आणि अंघोळीच्या जागी, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, भिंतीत खोल अँकर बोल्ट ठोकून बसवायचा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींना त्यांचेच वेगळे अँकर लागतात, हे आधी विचारून घ्या. रबरी चकतीने टाइलला चिकटणारे दांडे घरात आणूच नका. ते कधी सुटतील याचा नेम नाही.

लाखभर रुपये घालून चकचकीत टाइल लावणारी, आणि दांडा म्हटलं की ‘हॉस्पिटलसारखं दिसेल’ म्हणणारी घरं पाहिली की संताप येतो. खुब्याचं हाड मोडलं की कमोडची खुर्ची, वॉकर आणि बेडपॅन घरात येतात. मग काय दिसतं?

पडून मरणाऱ्यांचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षाला ६ लाख ८४ हजारांचा आहे, आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेलं माणूस रात्री झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात वाटेवर दिवा नाही आणि दाराशी उंबरठा. रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवायला कितीसं बिल येतं?

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट दाराची. बाथरूमचं दार बहुधा आत उघडतं. पडलेलं माणूस दाराला अडून राहतं, आतून कडी लागलेली, आणि मदतीला धावलेले बाहेर दार ठोठावत उभे. दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्या. ते जमत नसेल तर निदान कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवा.

आई-बाबा ‘मला नको, मी धडधाकट आहे’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. दांडा सगळ्या घरासाठी आहे म्हणून सांगा आणि या रविवारी सुताराला नि प्लंबरला बोलवा.