कॉम्रेड नाना

दुसऱ्याच्या खिशाकडे पाहताना नाना मार्क्सवादी असतात. स्वतःच्या खिशाला धक्का लागला की तडक ॲडम स्मिथ. एवढा लांबचा प्रवास ते दिवसातून चार-पाच वेळा करतात, पण धाप म्हणून लागत नाही.

नाना गिरणगावातले, साचेखात्यातले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते बाहेरच राहिले. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी देण्याचा 1991 चा नियम 2001 साली मोकळ्या जमिनीपुरताच कसा आकसला, हे नाना सांगतात तेव्हा कुणी हसत नाही. पुढे म्हाडाच्या सोडतीत त्यांना सव्वादोनशे फुटांचं घर लागलं. समाजवाद आला तो असा, चिठ्ठीतून. खासगी मालमत्तेविरुद्धचं भाषण अजून चालूच आहे. फक्त मधेच थांबून ते एजंटला आजचा भाव विचारतात.

शेजारी भाड्याने राहणारे किराणा दुकानदार शेठ हे त्यांचे वैचारिक शत्रू.

"नाना, माणूस मुळात स्वार्थी. चीनमधल्या शियाओगांगच्या 18 शेतकऱ्यांनी 1978 साली चोरून करार केला, सामुदायिक शेती घरटी वाटून घेतली. पीक दणक्यात आलं!"

"आणि एंगल्स? बापाची भागीदारी असलेल्या मँचेस्टरच्या सूतगिरणीत राबून त्याने मार्क्सचं घर चालवलं. यात कसला स्वार्थ?"

"म्हणजे मार्क्सला पोसलं गिरणीवाल्यांनीच ना!"

नाना यावर चहा मागवतात. शेठच्या खात्यावर.

मजल्यावरचा सामाईक दिवा बरेच दिवस बंद होता. नानांच्या दारावरचा मात्र रात्रभर लख्ख, बटण घरात. शेवटी वायरमन आला, स्टुलावर चढला आणि वायरीचा माग काढत नानांच्या चौकटीपाशी पोचला. त्यांचा दिवा सोसायटीच्या मीटरवर!

"उजेड खासगी, बिल सार्वजनिक!" शेठ कडाडले.

नाना ढिम्म. "2008 साली अमेरिकेच्या सरकारने बुडत्या वित्तसंस्थांसाठी 70 हजार कोटी डॉलर मंजूर केले. नफा त्यांचा, खड्डा जनतेचा. तेव्हा कुठे होती तुमची भांडवलशाही?"

शेठ गप्प झाले. वायरमनने मजुरी मागितल्यावर दोघांनी एकदमच सोसायटीच्या सेक्रेटरीचं दार दाखवलं.

परवा शेठ घाईघाईने आले. समोरच्या गाळ्यात सुपरमार्केट येतंय म्हणे. "नाना, मोर्चा काढायला हवा! खुला बाजार म्हणून काय गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा?"

नानांचे डोळे चमकले. माळ्यावरून झेंडा काढायला त्यांनी नातवाला स्टुलावर चढवलंसुद्धा. मग चष्मा पुसत हळूच विचारलं, "शेठ, त्यांच्याकडे तूरडाळ कितीने स्वस्त मिळणार आहे?"