शिरस्त्राणाच्या काचेची मीमांसा: जुन्नर-आंबेगाव खंड

दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाला, म्हणजे बोलीतल्या हेल्मेटला, चेहऱ्यासमोर वर-खाली होणारे जे पारदर्शक झाकण असते, त्यास उत्पादक व्हायझर आणि गिऱ्हाईक काच म्हणतात. हेल्मेटाच्या अवयवांत हा सर्वांत उपेक्षित अवयव होय. डोके वाचवल्याचे श्रेय बाहेरच्या कवचाला मिळते, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९ हेल्मेट डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे असा आग्रह धरते, आयएसआय शिक्क्याकडे निदान खरेदीच्या दिवशी तरी पाहिले जाते; काचेबद्दल मात्र ते कलम अवाक्षर काढत नाही आणि धारकही, ती डोळ्यांसमोर सतत असूनही, तिच्याकडे कधी पाहत नाही, कारण तो तिच्यातून पाहत असतो. या उपेक्षेचे परिणाम अभ्यासण्यास पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके विशेष अनुकूल आहेत.

या अनुकूलतेचे कारण भौगोलिक आहे. दोन्ही तालुक्यांची पश्चिम टोके सह्याद्रीच्या माथ्यावर असून तेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील गावे पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात येत असल्याने त्यांच्या वाट्याला काहीशे मिलिमीटरच उरतो. आंबेगाव तालुक्यास ज्या गावाचे नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, कचेऱ्या घोडेगावात आहेत आणि बाजार मंचरला भरतो. जेथे नाव, कारभार आणि पैसा तीन ठिकाणी वाटले गेले आहेत, तेथे हवामानाने एका जागी बसावे ही अपेक्षा अनाठायीच होय. परिणामी श्रावणी सोमवारी मंचरहून भीमाशंकरला निघालेला भाविक प्रथम ऊन, मग धूळ, मग पाऊस आणि शेवटी धुके अशा चारही अवस्था एकाच काचेतून अनुभवतो आणि देवदर्शनाच्या रांगेत उभा राहण्यापूर्वीच त्याची निम्मी तपश्चर्या पूर्ण झालेली असते.

ऐतिहासिक दृष्टीने पाहता या प्रदेशाला काचेची गरज फार उशिरा भासली. सातवाहन काळात नाणेघाटातून कोकणचा माल जुन्नरला येत असे आणि जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहे. परंतु त्या वाटेने येणारे तांडे बैलाच्या चालीने येत असल्याने समोरून आलेला किडा आणि प्रवासी यांना एकमेकांस टाळण्यास पुरेसा अवधी मिळे. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने खाली येतो, आणि त्याच्याकडे मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत गेली तर दोन्ही वेगांची बेरीज काटकोनात होऊन तो थेंब चेहऱ्यावर ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने आदळतो. म्हणजे पाऊस तोच आहे, फक्त त्याला भेटायला जाण्याची घाई माणसाने वाढवली आहे. काच ही या घाईची भरपाई होय.

काचेची निवड हा यापुढचा विषय. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात: आरपार दिसणारी पांढरी, धुरकट काळी, आणि पाहणाऱ्याला त्याचाच चेहरा सप्तरंगांत परत करणारी आरशासारखी. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला हेल्मेटांचे ढीग लावून बसलेल्या विक्रेत्यांकडे होणारा संवाद बहुधा ठरलेला असतो. गिऱ्हाईक पांढरी मागते, विक्रेता म्हणतो, “पांढरी काय घेता दादा, काळी घ्या, लूक येतो.” गिऱ्हाईक वयस्कर असल्यास संबोधन बदलते, सिद्धान्त बदलत नाही: “काळी घ्या काका, डोळ्याला थंड.” येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की लूक हा गुण बाहेरून पाहणाऱ्यास लाभतो आणि अंधार हा आतून पाहणाऱ्यास, परंतु किंमत मात्र दोन्हींची आतलाच देतो. युरोपात पाळल्या जाणाऱ्या हेल्मेटविषयक नियमावलीत ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणाऱ्या काचेवर ‘केवळ दिवसा वापरावी’ असा शेरा असतो; आपल्याकडे मात्र दिवस मावळल्यावर काळी काच वर उचलून, डोळे बारीक करून, चेहऱ्याने किडे झेलत गाडी हाकण्याचा पर्याय सर्वमान्य झालेला आहे.

काळ्या काचेच्या बाजूने एक युक्तिवाद न्याय्य मानला पाहिजे. घोडेगाव मंचरच्या पश्चिमेला आणि जुन्नर नारायणगावच्या वायव्येला असल्याने, घोडेगावात किंवा जुन्नरात घर आणि मंचरला किंवा नारायणगावात नोकरी असलेल्या इसमास सकाळी जाताना सूर्य समोरून भेटतो आणि संध्याकाळी परतताना पुन्हा समोरूनच निरोप देतो. याच्या उलट, मंचरला राहून घोडेगावच्या कचेरीत जाणाऱ्याची पाठ दोन्ही वेळा शेकते आणि डोळे निवांत राहतात. सरकारी बदल्यांच्या अर्जांत हे कारण आजवर कोणी नमूद केले असल्याचे ऐकिवात नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. अशा सूर्यमुखी नोकरदारांसाठी पांढऱ्या काचेच्या आत गरजेपुरता खाली ओढता येणारा छोटा काळा पडदा असलेली हेल्मेटे मिळतात, आणि तो पडदा रात्री वर सारण्याचे स्मरण ठेवणाऱ्यास ती उपयुक्तही ठरतात.

सूर्यावर उपाय आहे. धुक्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण येथे शत्रू बाहेर आणि फितूर आत असतो. माळशेज घाटात किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर पावसाळ्यात बाहेरची हवा थंड असते आणि स्वाराचा श्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअसचा व बाष्पाने भरलेला असतो. तो थंड काचेवर आदळला की दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या पातळीच्या खाली येतो आणि काचेच्या आतल्या बाजूस असंख्य सूक्ष्म थेंब जमून प्रकाश विखुरतात. याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपतात आणि धुके पडले म्हणून त्या कोणी पुसायला जात नाही. कारण त्या ज्या लहरी पकडतात त्यांची लांबी वीतभरापासून दोन-अडीच मीटरपर्यंत असल्याने धुक्याच्या थेंबांची त्यांना दखलही घ्यावी लागत नाही. मानवी डोळा मात्र मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतक्या लांबीच्या लहरींवर अवलंबून असल्याने प्रत्येक थेंब त्याला आडवा येतो. अशा रीतीने एकाच तालुक्यात दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजन ओळखला जातो आणि दहा फुटांवरचा गतिरोधक मात्र आदळल्यावरच ओळखला जातो.

यावर लोकपरंपरेने सुचवलेले उपाय अभ्यासनीय आहेत. कापलेला बटाटा चोळणे, भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवणे आणि मालमोटारीच्या चालकांकडून आलेला, काचेवर तंबाखू घासण्याचा उपाय हे त्यांतील प्रमुख होत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल राहण्यास भाग पाडणारी ओढ कमी होते आणि सुट्या थेंबांऐवजी सलग पातळ थर पसरतो, ज्यातून बऱ्यापैकी दिसते. बटाट्याचा रसही असाच थर सोडतो. तंबाखूचा वापर मात्र काचेच्या बाहेरच्या बाजूपुरता राखावा, कारण आतल्या बाजूस ती चोळल्यास धुके जाते की नाही हा प्रश्न दुय्यम ठरून स्वार शिंकांनी बेजार होतो. खरे पाहता काचेच्या दोन्ही अंगांची मते परस्परविरुद्ध आहेत: आतल्या अंगास पाणी पसरलेले हवे असते आणि बाहेरच्या अंगास ते गोळा होऊन वाऱ्याने उडून जायला हवे असते. म्हणून बाहेर मेण आणि आत साबण हा क्रम उलटा झाल्यास दोन्ही बाजूंनी अंधार होतो. आत दुसरी पातळ पट्टी बसवून दोहोंमध्ये हवा कोंडणारी पिनलॉक नावाची युक्ती या सर्वांहून खात्रीची आहे. परंतु ज्यास एवढा खर्च नको, त्याने काच एक खाच वर ठेवून हनुवटीजवळून वारा आत येऊ द्यावा, यास काहीच पडत नाही.

येथवर निसर्गाचा अपराध सांगितला. परंतु काचा निसर्गामुळे फार थोड्या मरतात. त्या प्रामुख्याने बाहीने मरतात. आजची काच पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते, जे १९५३ मध्ये जर्मनीतील बायर आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांत, एकमेकांच्या नकळत, तयार झाले. हे द्रव्य आघाताने सहसा फुटत नाही, पण ओरखड्याला चटकन बळी पडते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, जी धूळ खडीच्या क्रशरांपासून आणि रुंदीकरण चाललेल्या रस्त्यांपासून उडते, तिच्यातील खनिजांची कठीणता मोह्‌सच्या दहा अंकी मापनात ६ च्या आसपास असते आणि पॉलिकार्बोनेट तिच्या खूपच खाली येते. शिवाय कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा प्रसिद्ध थर असून ती सुमात्रा बेटावरील टोबा येथून आल्याचे मानले जाते, तिच्या वयाबद्दल मात्र विद्वानांत वाद आहे. अशी राख म्हणजे सूक्ष्म काचेचे कपचे होत. तेव्हा जुन्नरच्या स्वाराने कोरड्या काचेवरून सदऱ्याची बाही फिरवली, तर त्या घासण्यात सह्याद्री आणि क्वचित इंडोनेशिया असे दोन्ही देश सहभागी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बाही, उपरणे, टॉवेल, मागे बसलेल्या गृहिणीचा पदर, गाडी पुसायचे फडके ही सर्व साधने मायेने वापरली जातात आणि मायेनेच काच जाते.

या ओरखड्यांचा हिशेब रात्री चुकता होतो. समोरून आलेल्या दिव्याचा प्रकाश प्रत्येक चऱ्यावर विखुरल्याने उसाच्या ट्रॅक्टरालाही देवाच्या चित्राप्रमाणे प्रभावळ प्राप्त होते आणि त्या तेजात मागच्या दोन ट्रॉल्या, त्यांतून लोंबणारे वाढे आणि नसलेला मागचा दिवा या गोष्टी नजरेआड होतात. गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या रस्त्यांवर हे दृश्य रोजचे आहे. माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र असलेल्या जुन्नर तालुक्यात, उसाच्या कडेला दिसलेली आकृती बिबट्याची आहे, वासराची आहे की काचेवरील ओरखड्याची, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही, कारण त्याचे उत्तर थांबून शोधण्याची कोणाचीही तयारी नसते.

योग्य निगेचे शास्त्र यामानाने फारच नीरस असून, बहुधा म्हणूनच ते रुजलेले नाही. वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे आणि पंख फुटलेली वाळवी काचेवर देह ठेवतात. ते खरवडू नयेत, ओले फडके काचेवर दहा मिनिटे पसरून ठेवावे, म्हणजे ते आपणहून सुटतात. नंतर काच बिजागरीतून काढून वाहत्या पाण्याखाली धरावी, पातळ साबणाचे पाणी तळहाताने फिरवावे आणि अनेकदा धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्याने टिपून घ्यावी. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काचपुसणीचे द्रव वर्ज्य होत, कारण त्यांनी पॉलिकार्बोनेटला आतून बारीक चिरा पडतात; दात घासण्याची पेस्टही वर्ज्य, कारण तिच्यातील घासणारी पूड एक ओरखडा घालवताना शंभर नवे ठेवते. टोमॅटोवर औषध मारून आलेल्या हातांनी काच धरू नये आणि फवारणीचा पंप व हेल्मेट एकाच खुंटीला टांगू नये. सारांश एवढाच की काच धुवावी, पुसू नये. आणि पाणी नसेल तर धूळ तशीच सहन करावी, कारण धूळ उद्या जाते, चरा जात नाही.

इतके करूनही काच कधी तरी बदलावी लागते. ती हेल्मेटाच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते आणि तरीही वर्षानुवर्षे बदलली जात नाही, कारण अंधूक होण्याची क्रिया इतकी सावकाश चालते की धारकास जगच धुरकट झाले असावे असे वाटू लागते. कलम १२९ चा येथे उपयोग नाही आणि वैद्यांचा सल्ला कोणी मानत नाही. परंतु या दोन तालुक्यांत एक तिसरे बल कार्यरत आहे. येथे रस्त्याने जाणाऱ्याने समोरून येणाऱ्यास मान तरी हलवलीच पाहिजे असा दंडक असून, काळ्या किंवा चरे पडलेल्या काचेआडचा स्वार मामेसासऱ्यांना न ओळखता पुढे गेला, तर ती वार्ता त्याच्याआधी घरी पोहोचते, आणि लग्नसराईत “लई मोठे झालेत, ओळख देत नाहीत” असा शेरा पंगतीत वाढला जातो. दंडाची पावती एकदा भरून मिटते, सोयऱ्यांचा रुसवा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. म्हणून जुन्नर-आंबेगावपुरता शास्त्राचा निर्णय असा की काच पांढरीच घ्यावी, आणि मामेसासरे वीस पावलांवरून ओळखू येईनासे झाले की त्याच दिवशी ती बदलावी.