थांबवायचं कसं, तेही लिहा

स्टेरॉइडची गोळी काही आठवडे घ्यायची असली, की डॉक्टर पहिल्याच दिवशी बजावतात, मधेच बंद करू नका. उतरता क्रम कागदावर लिहून देतात: आधी दोन, मग एक, मग अर्धी. रुग्ण ऐकतो, घरचेही ऐकतात. नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळीबरोबर असा कागद फार थोड्यांना मिळतो. सुरुवात लिहिलेली असते, शेवट नसतो. मग तो शेवट घरात ठरतो, आणि एका रात्रीत ठरतो.

कारणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. बरं वाटायला लागलं. लग्न ठरलं आणि सासरी कळायला नको. दिवस राहिले आणि घाबरून पाकीटच कचऱ्यात गेलं. नवरात्राचे उपवास आले. गावी मुक्काम लांबला, स्ट्रिप संपली आणि तिथल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती. महिन्याचा खर्च झेपेना. किंवा काका म्हणाले, "किती दिवस खाणार या गोळ्या? सवय लागेल. मन खंबीर कर." गोळी बंद.

दोन-तीन दिवसांत चक्कर सुरू होते, मळमळतं, झोप उडते. लागलीच तर स्वप्नं इतकी ठळक पडतात की जागं झाल्यावरही धडधड थांबत नाही. मधेच रडू कोसळतं, मधेच संताप येतो. आणि नुसती नजर वळवली तरी डोक्यात करंट बसतो. हे शेवटचं लक्षण माणूस सांगायलाच घाबरतो, कारण ऐकणाऱ्याला ते वेड वाटेल अशी त्याला भीती असते. ते वेड नाही. गोळी अचानक तुटल्याचं हे ओळखीचं लक्षण आहे आणि जगभरचे रुग्ण ते असंच सांगतात.

घरात मात्र दोनच निकाल तयार असतात. एक, "बघ, व्यसन लागलंच होतं." दोन, "बघ, आजार उलटला." दोन्ही घाईचे.

नैराश्याच्या गोळीची तलफ येत नाही, नशेसाठी डोस वाढवत जावा असंही होत नाही. महिनोन् महिने ते औषध मिळत राहिल्यावर मेंदू आपली घडी त्याच्याशी जुळवून घेतो. औषध एकदम काढलं की घडी विस्कटते आणि पुन्हा बसायला वेळ लागतो. औषध शरीरातून किती लवकर जातं, यावरही बरंच अवलंबून असतं. व्हेनलाफॅक्सिन काही तासांतच निम्मं होतं, पॅरॉक्सेटिन साधारण दिवसभरात, फ्लुओक्सेटिनला मात्र कित्येक दिवस लागतात. म्हणून पहिल्या दोन गोळ्यांचे एक-दोन डोस चुकले तरी डोकं गरगरतं. फ्लुओक्सेटिनचा त्रास आठवड्यांनी उगवू शकतो आणि तोवर त्याचा गोळीशी संबंध जोडायचं कुणाला सुचत नाही.

आजार उलटला की गोळी तुटली, हे पुष्कळदा ओळखता येतं. मूळ आजार बहुधा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू परततो. तुटल्याचा त्रास बहुधा दिवसांत येतो, आजारात कधीच नसलेली लक्षणं घेऊन येतो आणि गोळी परत सुरू केली की पुष्कळांना काही दिवसांत उतार पडतो. तरी "आजार उलटला" असं केसपेपरवर लिहिलं जातं, डोस वाढतो, आणि माणसाची खात्री पटते की आपण आता कधीच सुटणार नाही. या निदानातल्या घाईचा मला सर्वांत जास्त राग आहे.

ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं हेच चाललं. हा त्रास सौम्य असतो आणि आठवडाभरात जातो, असं तिथल्या मार्गदर्शक सूचनाच सांगत होत्या. ज्यांना महिनोन् महिने त्रास झाला ते रुग्ण हटून बसले, आणि २०१९ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं भूमिका बदलली: काहींना हा त्रास तीव्र होतो, लांबतोही. त्याच वर्षी मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा लेख 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, आणि स्वतःची गोळी सोडताना भयंकर हाल सोसलेले.

त्यांचा मुद्दा प्रत्येक घरानं समजून घ्यावा असा आहे. सिटालोप्रामची २० मिलिग्रॅमची गोळी मेंदूतल्या ज्या जागा अडवते, त्यांतल्या साधारण ८० टक्के अडतात. डोस निम्मा केला तरी ७० टक्क्यांच्या आसपास अडलेल्याच राहतात. पाच मिलिग्रॅमलाही निम्म्याहून जास्त. म्हणजे २० वरून १० वर येणं सोपं जातं आणि पाचवरून शून्यावर येताना माणूस कोसळतो. दुकानात मिळते ती सगळ्यांत लहान गोळी म्हणजे उतरणीचा शेवट नव्हे; खरी अवघड उतरण तिथून पुढे आहे. "आता दिवसाआड घ्या" हा सल्ला तर लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत चुकीचाच आहे. त्यानं रुग्ण दर दुसऱ्या दिवशी थोडा थोडा तुटतो.

सगळ्यांना असं होतं का? नाही. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गोळी थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना त्रास झाला. नुसती खोटी गोळी थांबवलेल्यांतही तो १७ टक्क्यांना झाला. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांतले लोक काही महिनेच गोळी घेत होते आणि आपल्याकडे कित्येक जण वर्षानुवर्षं घेतात. शिवाय गोळी सोडणं प्रत्येकासाठी योग्यही नसतं. वारंवार खोल नैराश्य येणाऱ्यानं गोळी चालू ठेवली तर त्याला कुणी कमकुवत म्हणू नये.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्यानं एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या सगळ्या गटावरचा इशारा अधिक कडक केला. लिथियम अचानक तोडलं की उन्मादाचा झटका परतण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो.

आधीच तुटली असेल तर काय? ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. गोळी बंद होऊन थोडेच दिवस झाले असतील तर बहुतेक वेळा ती परत चालू करून मग सावकाश उतरवतात. पण परत सुरू करणंही आपल्या मनानं नको. लॅमोट्रिजिनमध्ये पाच-सहा दिवसांचा खंड पडला तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढावं लागतं, नाहीतर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर तेही पहिल्यापासून. आणि सावकाश सुटणाऱ्या गोळ्या घरी तोडू नका. तोडल्या की औषध एकदम अंगात जातं.

मग उतरण. थोडं कमी करायचं, काही आठवडे थांबायचं, अंग स्थिरावलं की पुढचं. शेवटचे टप्पे सर्वांत लहान आणि सर्वांत लांब. मधे चार चांगले दिवस येतील, मग पुन्हा दोन वाईट येतील. त्या दोन दिवसांवरून घरच्यांनी हाय खाऊ नये. रोजची तारीख, डोस आणि त्रास वहीत लिहा. पाच मिनिटांच्या ओपीडीत ती वही तुमच्या बाजूनं बोलते. झोप येत नाही म्हणून दारूकडे वळू नका.

डॉक्टरांकडे माझी मागणी एकच आहे. गोळी सुरू कराल त्याच दिवशी ती कशी उतरवायची, एखादा डोस चुकला तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे मराठीत लिहून द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची आखणी आणि ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. गोळीचा शेवट त्या आखणीचाच भाग आहे. वेळ नाही म्हणाल, तर गोळी तोडून कोलमडलेला तोच रुग्ण महिन्याभरानं तुमच्याच ओपीडीत जास्त वेळ घेणार आहे.

आणि आज रात्री ज्याची गोळी तुटलेली आहे, जीव नकोसा झाला आहे, त्यानं सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फिट आली, भ्रम व्हायला लागला, तर फोनही नको. सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या आणि कोणती गोळी, किती दिवसांपासून बंद आहे, हे आधी सांगा. रिकामी स्ट्रिप सोबत घ्या.